जोखीम ग्राहकाची, मालकी दुसऱ्याची

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून प्रस्तुत लेखकाने एका छोट्या ध्वनिमुद्रण यंत्रासाठी आगाऊ पैसे भरले. यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. पैसे भरणाऱ्यांच्या पैशांतूनच ते घडायचे होते. ते अद्याप आलेले नाही. रक्कम किरकोळ होती, त्यामुळे तिचे दुःख नाही. परंतु या व्यवहारात आपण ग्राहक आहोत, सावकार आहोत की भागीदार, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला सुचू नये, याची खंत मात्र वाटते.

'क्राउडफंडिंग' या नावाने रूढ झालेल्या या पद्धतीला २००९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'किकस्टार्टर'ने मोठे बळ दिले. २०१२ मध्ये 'पेबल' या मनगटी घड्याळासाठी १ लाख डॉलर मागितले गेले. ६८ हजारांहून अधिक लोकांनी १ कोटीहून अधिक दिले. ती घड्याळे उशिरा का होईना, मिळाली. २०१४ मध्ये 'कूलेस्ट कूलर' या शीतपेटीसाठी ६२ हजारांवर लोकांनी १ कोटी ३२ लाख डॉलर भरले. ती कंपनी २०१९ च्या अखेरीस बंद पडली आणि सुमारे २० हजार लोकांचे हात रिकामेच राहिले. किकस्टार्टरची ५ टक्के दलाली मात्र रक्कम जमताच, वस्तू बनण्यापूर्वीच, कापली जाते.

तथापि, फसलेल्या योजनांपेक्षा यशस्वी झालेल्या योजनाच या व्यवहाराचे स्वरूप अधिक स्पष्ट करतात. 'ऑक्युलस' या दृष्टिसंचाला २०१२ मध्ये साडेनऊ हजार लोकांनी सुमारे २४ लाख डॉलर दिले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. त्या साडेनऊ हजारांना या किमतीतला एक सेंटही मिळण्याचा प्रश्न नव्हता. कबूल केल्याप्रमाणे ज्याची त्याची भेट पोहोचली होती. बुडाले तर भागधारकासारखे बुडायचे आणि तरले तर गिऱ्हाइकासारखे घरी जायचे, असा हा करार आहे!

थोड्याथोड्या पैशांतून मोठी यंत्रे उभी करण्याचा प्रयोग आपल्याला नवा नाही. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास साखर कारखाना उभारला, तो भाग विकत घेऊन. सहकाराचे पुढे काय झाले ते वाचक जाणतातच. पण भागाबरोबर मत होते आणि वार्षिक सभेत हिशेब विचारण्याचा हक्क होता. अमेरिकेने २०१२ च्या कायद्यान्वये सामान्य माणसालाही या मार्गाने भाग घेण्याची मुभा दिली व २०१६ पासून ती अमलात आली. आपल्या 'सेबी'ने २०१४ मध्ये चर्चेसाठी एक मसुदा काढला. सामान्य गुंतवणूकदारासाठी हा मार्ग अजून खुला झालेला नाही.

पॉडकास्टची गोष्ट वेगळी आहे. तेथे श्रोता आधी ऐकतो आणि आवडले तर पैसे देतो. '९९ टक्के इन्व्हिजिबल' या अमेरिकन कार्यक्रमाला २०१२ मध्ये श्रोत्यांनी दीड लाखांहून अधिक डॉलर दिले, ते त्याचे आधीचे भाग फुकट ऐकून. मालाची परीक्षा आधीच झालेली होती.

यंत्राच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणूनच जमलेली रक्कम एकदम हाती न देता नमुना, साचे आणि उत्पादन अशा टप्प्यांनी द्यावी, आणि प्रत्येक टप्प्याचा हिशेब पैसे भरणाऱ्यांपुढे ठेवणे बंधनकारक करावे. एवढे झाले तरी आपले यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर अडले, हे प्रस्तुत लेखकाला निदान कळले असते.