तीस हजार तासांचं काय करायचं?

प्रोजेक्टर घ्यायचा म्हटलं की हापिसात ठरलेला प्रकार होतो. तीन कोटेशनं मागवली जातात, एक एक्सेल शीट तयार होते आणि तिच्यात एक रकाना असतो, 'लाइफ'. एकाच्या पुढे ५,००० तास, दुसऱ्याच्या पुढे २०,०००, तिसऱ्याच्या पुढे ३०,०००. मग काय, तिसरा सगळ्यात टिकाऊ, विषय संपला, चला चहाला. :)

आता जरा साधा हिशोब करू. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरबद्दल मी बोलत नाहीये, मीटिंग रूममध्ये हल्ली बऱ्याच ठिकाणी मोठे टीव्हीच लागलेत. बोलतोय ते बॅगेत घालून न्यायच्या प्रोजेक्टरबद्दल. चाकण नाहीतर रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात नवीन सिस्टिमचं ट्रेनिंग, दुसऱ्या गावच्या ब्रँचमधला डेमो, अशा कामांसाठी लागणारा. समजा आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास वापरला. वर्षाचे झाले साधारण २०० तास. म्हणजे ३०,००० तास संपायला दीडशे वर्षं! आणि ज्याला आपण नाक मुरडलं तो ५,००० तासवालासुद्धा पंचवीस वर्षं चालायला हवा. थोडक्यात काय, तर ज्या आकड्यावर आपण निवड करतो, तो आकडा आपल्या वापरात कधी येतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बॅगेतला प्रोजेक्टर तासांनी मरत नाही, फेऱ्यांनी मरतो. किती वेळा बॅगेतून काढला, किती वेळा गरम असतानाच परत कोंबला, किती वेळा कुणाचा पाय वायरीत अडकला, यावर त्याचं आयुष्य ठरतं. हा रकाना मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

आधी दिव्याकडे बघू. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. पेटल्यावर त्याच्या इवल्याशा काचेत वातावरणाच्या दोनशेपट वगैरे दाब असतो. हा दिवा बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालू ठेवून त्याला थंड होऊ द्यावं लागतं. घरी हे जमतं हो, पण कारखान्यात शिफ्ट सुटलेली, कंपनीची बस गेटवर हॉर्न मारतेय, अशा वेळी माणूस सरळ प्लग उपटतो. कधी त्याच्याआधी वीजच जाते. एलईडी आणि लेझरमध्ये ही भानगड नाही. काही सेकंदांत चालू, बंद केला की आवरा. एलईडी घ्या असं मीही म्हणतो, पण तीस हजार तासांसाठी नाही, या शेवटच्या दोन मिनिटांसाठी.

दुसरा शत्रू धूळ. चित्र बनवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एलसीडीत प्रकाश काचेच्या पॅनेलमधून आरपार जातो, डीएलपीत तो चिपवरच्या लाखो सूक्ष्म आरशांवरून परावर्तित होतो. (ही आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधली, आणि सिनेमागृहांतल्या डिजिटल प्रोजेक्शनमधल्या तिच्या वापराबद्दल त्यांना २०१५ साली ऑस्कर मिळालं. इंजिनिअरला ऑस्कर! असो.) चांगल्या एलसीडी प्रोजेक्टरचे रंग छान असतात, पण हवेचा फिल्टर नियमित साफ करावा लागतो. जो प्रोजेक्टर पाच जणांच्या हातात फिरतो त्याचा फिल्टर कोण साफ करणार, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डीएलपीची चिप बंदिस्त असते, म्हणून जिथे लोखंडाचा भुगा उडतो तिथे मी डीएलपीला झुकतं माप देईन. पण तिलाही उष्णता सोसत नाही. जाळी झाकली जाईल असा फाईलींच्या ढिगावर ठेवलात तर काही काळाने आरसे अडकतात आणि पडद्यावर कायमचे पांढरे ठिपके दिसायला लागतात.

आता सगळ्यात मोठी थाप, ल्युमेन. चार-पाच हजार रुपयांत '९,००० ल्युमेन' असं खोक्यावर छापलेलं असतं. त्याला काही अर्थ नाही. आकड्याच्या मागे 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' लिहिलंय का ते बघा, म्हणजे तो ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आहे. नुसतं 'एलईडी ल्युमेन' असेल तर सावध राहा. तसंच 'फोरके सपोर्टेड' म्हणजे फोरकेची फाईल तो घेतो इतकंच, दाखवताना काय दाखवतो ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन'वरून कळतं.

मग किती ल्युमेन हवेत? साठ इंची चित्राचं क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर भरतं. म्हणजे २०० ल्युमेनचा खिशातला प्रोजेक्टर त्या भिंतीवर २०० लक्स उजेड पाडतो. आणि कारखान्याच्या शेडमधल्या ट्यूब आणि खिडक्या मिळून त्याच भिंतीवर समजा आधीच २०० लक्स पाडतायत. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, हे लक्षात घ्या. त्याचा काळा म्हणजे भिंत आधी जशी दिसत होती तशी. म्हणून पांढरा ४०० आणि काळा २००, गुणोत्तर २:१. ऑडिओ-व्हिडिओवाल्यांचं २०११ चं एक अमेरिकन मानक आहे. ते नुसतं बघण्यासाठी किमान ७:१ आणि वाचून साधा निर्णय घ्यायचा असेल तर १५:१ मागतं. १,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्याच खोलीत ६:१ देतो, आणि भिंतीजवळच्या ट्यूब बंद करून तिथला उजेड १०० लक्सवर आणला तर ११:१. चित्र ऐंशी इंची केलं की क्षेत्रफळ पावणेदोन पट, म्हणजे उजेड तेवढ्याच पटीने कमी.

माझा साधा नियम असा. एक हजार एएनएसआय ल्युमेनच्या खाली उतरायचं नाही, चित्र साठ इंचांच्या वर न्यायचं नाही, आणि शेवटची खुर्ची चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब ठेवायची नाही. साठ इंचाला हे अंतर साधारण पंधरा फूट येतं. माणसं जास्त असतील तर दोन बॅच करा. आणि हॉल मोठाच असेल, प्रोजेक्टर सांभाळणारा जबाबदार माणूसही असेल, तर दिव्याचा तीन हजार ल्युमेनवाला घ्यायला माझी अजिबात ना नाही. तेवढा उजेड तेवढ्या पैशात अजून तरी दुसरीकडे सहज मिळत नाही.

'पण आतच बॅटरी असलेला का नको?' हा प्रश्न येतोच. कारण बॅटरी न वापरताही म्हातारी होते. फुल चार्ज करून मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवली तर जास्तच लवकर. ती गेली की दुरुस्तीसाठी अख्खं यंत्र उघडावं लागतं. त्यापेक्षा यूएसबी-सीवर चालणारा प्रोजेक्टर आणि वेगळी पॉवर बँक बरी. बँक बिघडली तर बँकच बदलायची. मात्र प्रोजेक्टरला हवे तेवढे वॉट ती देते का ते आधी तपासा, आणि विमानाने जात असाल तर १०० वॉट-अवरच्या आतली घ्या. पॉवर बँक केबिन बॅगेतच लागते, चेक-इनमध्ये चालत नाही.

जोडणीचंही तसंच. पूर्ण आकाराचं एचडीएमआय हवं. मायक्रो एचडीएमआयची वायर ऐन वेळी कुणाकडेच नसते. एक वीतभर एक्स्टेन्शन कायमचं लावून ठेवा, म्हणजे झीज होईल ती त्या स्वस्त वायरीची, प्रोजेक्टरच्या पोर्टची नाही. आणि आतल्या 'स्मार्ट' अँड्रॉइडसाठी जादा पैसे देऊ नका. कंपनीच्या लॅपटॉपवर वायरलेस डिस्प्ले बरेचदा बंदच असतो, आणि प्रोजेक्टरमध्ये सगळ्यात आधी जुनं काय होत असेल तर ते सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरवाल्यानेच हे सांगावं, म्हणजे बघा. :)

खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड' लिहिलंय म्हणूनही भुलू नका. एमआयएल-एसटीडी-८१० ही चाचण्यांची पद्धत आहे. अमेरिकन सैन्य कुणाच्या प्रोजेक्टरला पास-नापास करत बसत नाही, चाचणी कंपनी स्वतःच करते किंवा करून घेते. कुठली चाचणी केली ते विचारा. उत्तर नाही आलं तर सोडून द्या.

एवढा कीस का पाडतोय? कारण हा प्रोजेक्टर निवडणारा माणूस त्याच्यासमोर कधी बसत नाही. समोर बसतात ते ऑपरेटर, स्टोअरचा माणूस, क्वालिटीवाले. आपण विचारतो, "दिसतंय ना सगळ्यांना?" मागच्या रांगेतून "हो साहेब" येतं. साहेबाला 'नाही दिसत' म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही. मग तीन आठवड्यांनी सिस्टिममध्ये चुकीच्या नोंदी सापडतात, आणि रिव्ह्यूमध्ये वाक्य येतं की 'शॉप फ्लोअरवाले बदल स्वीकारत नाहीत'. अहो, स्वीकारायला आधी तो दिसायला नको? जो स्क्रीन त्यांना वाचताच आला नाही, त्याची परीक्षा आपण घेतो आणि नापास त्यांना करतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. कोटेशन मंजूर करण्याआधी तो प्रोजेक्टर एका दिवसासाठी मागवा. ट्यूब चालू ठेवा, साध्या भिंतीवर बारा पॉइंटची एक्सेल शीट लावा, आणि सही करणाऱ्या साहेबांना शेवटच्या खुर्चीवर बसवून तिसरी ओळ वाचायला सांगा. मग प्लग काढा, बॅगेत घाला, जिना उतरून परत वर आणा आणि पुन्हा लावा. असं दहा वेळा. एवढ्यातून जो वाचता येईल असा शिल्लक राहील, तो टिकाऊ. तीस हजार तासांचं काय ते आपली पतवंडं बघतील.