जुन्या संगणकाचे काय करायचे?

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका आपांचा फोन आला. "सर, दुकानदार म्हणतो हा संगणक भंगारात द्या, नवा घ्या." संगणक 2013 चा, घरात मुलगी दहावीला. असे फोन हल्ली बरेच येतात, म्हणून यावेळी हाच विषय घेतला आहे.

विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. त्यामुळे संगणक बंद पडत नाही, पण हळूहळू असुरक्षित होत जातो. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. आपांच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीकडे दोन्ही नाही.

ही तपासणी चुकवून विंडोज 11 टाकून देणारे पुष्कळ भेटतात. टाकता येते, आम्हीही घरच्या संगणकावर टाकले. पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर 24एच2 ही आवृत्ती सुरूच होत नाही. त्या घाईत आम्ही डिस्क पुसली आणि इनपेजमधल्या पाच वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका गेल्या. तेव्हा आधी सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, फोटोसुद्धा.

आपांच्या संगणकाचे खरे दुखणे जुनी हार्ड डिस्क होती. तिच्या जागी एसएसडी बसवली, रॅम 4 ची 8 जीबी केली आणि लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ती मोफत आहे. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते; वायफाय, आवाज, प्रिंटर तेव्हाच तपासावेत. व्हिडिओचे धडे, मराठी टायपिंग, लिब्रेऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे उर्दू, सगळे होते. नस्तालिक फाँट मात्र नसेल तर टाकून घ्यावा लागतो.

इनपेज लिनक्ससाठी निघालेले नाही आणि त्याच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडत नाहीत. उर्दू शिक्षकांनी हे ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा. आम्ही स्वतः त्यासाठी एक जुना विंडोज संगणक ठेवला आहे, इंटरनेट काढून.

आपांच्या मुलीने दोन दिवसांत सगळे शिकून घेतले. दुल्हेभाई अजून विचारतात, "स्टार्ट कुठे गेले?"