नीट-पीजी : ६३ सेकंदांची कसोटी आणि वॉर्डातली वाट

नीट-यूजीच्या शिकवण्यांसाठी लातूर, नांदेड राज्यभर ओळखले जातात. मात्र एमबीबीएसनंतर विशेषज्ञ होण्यासाठीची नीट-पीजी वेगळीच तयारी मागते.

वेळेचे गणित काय?
२०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. २०२४ पासून पेपर ४० प्रश्नांच्या पाच भागांत असतो. प्रत्येक भागाला ४२ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ६३ सेकंद. वेळ संपली की तो भाग पुन्हा उघडत नाही. त्यामुळे ‘अवघड प्रश्न शेवटी पाहू’ ही सवय इथे महागात पडते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा.

तारखांचा घोळ काय?
२३ जून २०२४ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्राचा आदेश दिला. १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टला गेली. एकच पेपर असल्याने गुणांच्या समानीकरणाचा वाद मिटला, पण उजळणीचे वेळापत्रक कोलमडले.

फटका कोणाला?
बारावीला दिवसभर क्लास करता येतो. इंटर्नला मात्र ड्युटी सांभाळून अभ्यास करावा लागतो. परीक्षा लांबली की प्रवेशही लांबतात. मग लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नवे निवासी डॉक्टर उशिरा येतात. तोवर वॉर्डाचा भार आहे त्याच डॉक्टरांवर पडतो आणि ताटकळतो तो रुग्ण.