घराबाहेरचा अग्नि

लांकूड जाळून सबंध घर उबदार ठेवावयाचें, ही कल्पना महाराष्ट्रांतील वाचकांस थोडी परकी वाटेल. आपली थंडी दोन महिन्यांची. ती शेकोटी, घोंगडी आणि सकाळचें ऊन पाणी एवढ्यानें भागते. परंतु आपल्या अनेक कुटुंबांतील मुलेंसुना आतां उत्तर अमेरिकेंत स्थायिक आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं मोठीं शहरें सोडून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, व्हरमाँट अशा थंड संस्थानांतील खेड्यापाड्यांत जमिनीसह घर घेतात. तेथें जानेवारींत पारा शून्याखालीं वीस अंश सेल्सिअस उतरला तरी कोणी आश्चर्य करीत नाहीं. अशा गांवांतून हिंडतांना परसांत पत्र्याची एक खोपटी, तीवर आखूड धुरांडें व शेजारीं लांकडांची रास दृष्टीस पडते. ती बाहेरची लांकडाची भट्टी होय. घराची सारी ऊब तिच्यापासून येते. ती घ्यावी कीं नाहीं व घेतल्यास कशी सांभाळावी, याचा विचार या वेळीं करूं. इकडे चूल व बंब वापरणाऱ्या घरांसहि त्यांतून घेण्याजोगें पुष्कळ आहे.

भट्टीची रचना समजण्यासाठीं आपला तांब्याचा बंब डोळ्यांपुढें आणावा. बंबाच्या मधोमध नळी, तिच्या तळाशीं जाळी, जाळीवर ढलप्या व गोवऱ्या, आणि नळीभोंवतीं पाणी; म्हणून जाळाची उष्णता चहूंकडून पाण्यास मिळते. भट्टीचें तत्त्व हेंच आहे. जाड पोलादाची मोठी अग्निपेटी, तिच्या भोंवतीं शेंकडों लिटर पाणी आणि बाहेरून उष्णतारोधक वेष्टण, अशी तिची घडण असते. तापलेलें पाणी जमिनीखालीं पुरलेल्या नळांतून घरांत जातें व विजेचा एक लहान पंप तें फिरवीत राहतो. घरांत त्याची उष्णता जमिनीखालील नळ्यांस, भिंतीलगतच्या रेडिएटरांस किंवा उबदार हवा खेळविणाऱ्या नळकांड्यांस मिळते, आणि निवालेलें पाणी भट्टीकडे परत येतें. स्नानाचें पाणीहि तिच्यावरच तापवितां येतें.

तिचे गुण खरे आहेत. आग घराबाहेर गेल्यानें घराचें धुरांडें पेट घेण्याची धास्ती जाते. सालपटें, भुसा, किडे व राख यांचा केर दिवाणखान्यांत येत नाहीं. एकदां भरलेली पेटी रात्रभर पुरते. ज्याचें स्वतःचें रान आहे त्याची तेलाच्या किंवा गॅसच्या बिलाची काळजी बरीच कमी होते. २००२ सालीं मिशिगन संस्थानांत प्रथम आढळलेल्या एका हिरव्या भुंगेऱ्यानें तिकडील ॲश जातीचीं कोट्यवधि झाडें मारलीं. तीं वाळलेलीं झाडें अनेकांस सरपण म्हणून उपयोगी पडलीं. मात्र अशी कीड सरपणाबरोबरच प्रवास करते, म्हणून लांबून ओंडके आणूं नयेत, जवळपासचेंच लांकूड जाळावें, हें तेथें प्रत्येकानें पाळावयाचें पथ्य आहे.

आतां तिचा दोष पाहूं. तो तिच्या सोयींतूनच उपजलेला आहे. चुलीवर आपण लागेल तेवढा जाळ करतों आणि काम झालें कीं लांकूड मागें ओढतों. भट्टीची पेटी मात्र एकदम भरलेली असते. पाणी सुमारें ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलें कीं झडप आपोआप मिटते व वारा बंद होतो. त्या वेळीं लांकूड विझतहि नाहीं आणि नीट जळतहि नाहीं. तें धुमसत राहतें. लांकडाच्या उष्णतेचा मोठा भाग त्यांतून निघणाऱ्या वायूंत असतो, आणि त्या वायूंस पेटण्यासाठीं कडक आंच व भरपूर हवा लागते. दोन्ही मिळालीं नाहींत म्हणजे ते धूर होऊन बाहेर पडतात, किंवा थंड पत्र्यावर थिजून काळें, चिकट क्रिओसोट होऊन बसतात. धूर म्हणजे न जळालेलें इंधनच होय. ज्याच्या भट्टींतून दिवसभर दाट धूर निघतो, त्याचें सरपण वायां जात आहे हें सांगण्यास शास्त्रज्ञ नको.

हा धूर जातो कोठें? घराचें धुरांडें छपराच्या वर असतें. जुन्या भट्ट्यांचें फार तर माणसाच्या दीडदोन पट उंच. हिंवाळ्यांतील निवांत रात्रीं जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षां गार व जड असते. अशा वेळीं धूर वर चढत नाहीं. तो खालींच पसरून शेजाऱ्याच्या खिडकीशीं येतो. त्यांतील अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांत अगदीं खोलवर जातात. दमेकरी माणसें, तान्हीं मुलें व हृदयविकार असलेले वृद्ध यांस त्याची बाधा सर्वांच्या आधीं होते. भट्टी बाहेर नेल्यानें आपलें घर धुरांतून सुटतें. पण तो धूर कोणाच्या तरी श्वासांत जातोच. या विषयांत खरा विचार करावयाचा तो एवढाच.

ह्याच कारणानें तिकडील सरकारांस यांत हात घालावा लागला. व्हरमाँट संस्थानानें १९९७ सालीं अशी भट्टी शेजारच्या घरापासून निदान २०० फूट दूर असावी असें ठरविलें. न्यूयॉर्क संस्थानानें नव्या भट्टीचें धुरांडें निदान १८ फूट उंच असलें पाहिजे असा नियम केला. २०१५ सालीं संयुक्त संस्थानांच्या मध्यवर्ती पर्यावरण खात्यानें नव्या भट्ट्यांसाठीं सर्व देशास लागू होणारी मर्यादा घातली. घरास मिळणाऱ्या दर दहा लक्ष ब्रिटिश उष्णता-एककांमागें ०.३२ पौंडांहून अधिक कण बाहेर पडूं नयेत, अशी ती होती. २०२० च्या मे महिन्यापासून ती ०.१० पौंडावर आणण्यांत आली, म्हणजे पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी. परंतु कायदा भट्टी विकली जाते तेव्हां तपासणी करतो. पेटींत रोज काय घालावयाचें हें मात्र घरचें माणूसच ठरवितें.

म्हणून पहिलें पथ्य कोरड्या लांकडाचें. ताज्या तोडीच्या लांकडांत वजनानें सुमारें निम्में पाणी असूं शकतें. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती वाफेबरोबर धुरांड्यावाटे निघून जाते. त्याहून मोठी हानि अशी कीं ओल्या लांकडाची आंच मंद राहते व वायु जळत नाहींत. यासाठीं ओंडके फोडावे, जमिनीपासून उचलून दांड्यांवर रचावे, माथा झांकावा व बाजू वाऱ्यास मोकळ्या ठेवाव्या. हलक्या जातीच्या लांकडास एक उन्हाळा पुरतो. ओकसारख्या घट्ट लांकडास दोन लागतात. ओलावा मोजण्याचें सुईचें लहान यंत्र मिळतें. लांकूड नव्यानें फोडून आंतल्या अंगास सुया टोंचाव्या, आणि आंकडा शेंकडा २० च्या खालीं आला म्हणजे तें जाळण्यायोग्य समजावें. तिकडे सरपण ‘कॉर्ड’नें विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच व आठ फूट लांब अशी १२८ घनफुटांची रास म्हणजे एक कॉर्ड. विकत घेतांना ती रचून मोजून घ्यावी. आपल्याकडे मृगाच्या आधीं जळणाची बेगमी करीत. तिकडे पुढच्या वर्षाची बेगमी यंदांच करावी लागते.

दुसरें पथ्य आकाराचें. ‘असावी थोडी मोठी’ म्हणून घेतलेली भट्टी बहुतेक वेळ झडप मिटून धुमसत राहते. घराच्या गरजेइतकी भट्टी घ्यावी, आणि घर आधीं गळतीबंद करावें, म्हणजे लहान भट्टीनें भागतें. नव्या तऱ्हेच्या भट्टींत लांकडाचे वायु खालच्या उष्णतासह कोठडींत नेऊन वेगळी हवा देऊन जाळतात. तिला लांकूड कमी लागतें व धूरहि फार थोडा होतो. पण तिलाहि ओलें लांकूड चालत नाहीं. शरद् व वसंत ऋतूंतील सौम्य दिवशीं पेटी गच्च न भरतां थोडें लांकूड घालून तेज जाळ करावा. भर उन्हाळ्यांत केवळ स्नानाच्या पाण्यासाठीं ती पेटवूं नये. केरकचरा, प्लॅस्टिक, रंगविलेल्या फळ्या किंवा औषध पाजलेलें इमारती लांकूड तींत कधींहि टाकूं नये. तिकडे २००३ सालाच्या अखेरीपर्यंत घरगुती कामाच्या लांकडास सोमलयुक्त औषध सर्रास देत असत. त्याचा धूर विषारी आणि राखहि विषारी.

आतां निगेविषयीं. दार एकदम उघडूं नये. आधीं थोडें किलकिलें करून क्षणभर थांबावें, म्हणजे आंत कोंडलेले वायु तोंडावर भडकत नाहींत. राख झांकणाच्या लोखंडी बादलींत काढावी व ती बादली लांकडी ओट्यावर ठेवूं नये. राखेंतील निखारा दिवसच्या दिवस जिवंत राहतो. पाण्याची पातळी दर्शक नळीवर रोज पाहावी. पाणी आटून भट्टी कोरडी तापली असेल तर तींत थंड पाणी ओतणें फार धोक्याचें. आधीं ती निवूं द्यावी. बहुतेक भट्ट्यांतील पाण्यावर दाब नसतो व तें हवेस उघडें असतें. त्यामुळें दाबानें स्फोट होण्याचें भय नसतें, परंतु हवेंतील प्राणवायु पाण्यांत शिरून पोलाद गंजवितो. म्हणून पाण्यांत गंजरोधक औषध घालतात, व वर्षांतून निदान एकदां नमुना तपासून घ्यावा लागतो. हंगाम संपल्यावर राख व क्रिओसोट पूर्ण खरवडून काढावें. क्रिओसोट आम्लधर्मी असतें. ओल्या राखेबरोबर तें उन्हाळाभर तसेंच राहिलें तर जाळण्यानें न झालेली झीज तें करतें. पुरलेल्या नळांचें वेष्टण उत्तम प्रतीचें असावें. हिंवाळ्यांत परसांतील बर्फ एका सरळ रेषेंत वितळलेलें दिसलें, तर भट्टी घराऐवजीं जमीन तापवीत आहे असें समजावें. वीज गेली कीं पंप थांबतो. यासाठीं दुसऱ्या विजेची सोय असावी.

एवढें पाहून घेऊं इच्छिणाऱ्यानें दोन प्रश्नांचीं उत्तरें आधीं द्यावीं. पहिला प्रश्न असा: आपल्या परसापासून जवळचें घर किती लांब आहे, आणि हिंवाळ्यांतील वारा कोणत्या दिशेस वाहतो? घरें दाटीनें असतील तर ही भट्टी तेथें शोभत नाहीं, मग कायदा परवानगी देवो अथवा न देवो. दुसरा प्रश्न: तिच्याजवळ रोज जाणार कोण? ही भट्टी दुभत्या जनावरासारखी आहे. तिला दिवसांतून दोन वेळां माणूस लागतो, मग बाहेर बर्फ पडत असो कीं घरांत कोणी तापानें निजलेलें असो. यजमान कामानिमित्त आठवडाभर परगांवीं गेले, तर कडेवरच्या मुलास घेऊन सुनेनें शून्याखालच्या थंडींत ओंडके उचलावे काय? इकडून चार महिन्यांकरितां गेलेल्या सासूसासऱ्यांवर तें काम सोपवावें काय? ज्या घरीं याचें समाधानकारक उत्तर नाहीं, त्यांनीं गॅसची किंवा विजेची व्यवस्था जोडीस ठेवावी, नाहीं तर हा मोह टाळावा. काटकसर घरांतल्या एका माणसाच्या पाठीवर होत असेल तर ती काटकसर नव्हे.

आपल्याकडेहि हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे. १९४७ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडींत मगन चूल तयार झाली. स्वयंपाकघरांतील धूर धुरांड्यावाटे बाहेर घालवून घरच्या बायकांचे डोळे व छाती वांचवावी, हा तिचा हेतु, आणि तो थोर होता. परंतु आळी दाट असली म्हणजे एका घरचें धुरांडें समोरच्या माडीच्या खिडकीशीं येतें. आजहि पुष्कळ ठिकाणीं परसांतला बंब पेटवितांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुनीं रंगीत खोकीं, ओला पाला, जें हाताशीं येईल तें आंत घालतात, आणि धूर भिंतीपलीकडे गेला कीं तो विषय संपला असें मानतात. अमेरिकेंतील भट्टीस जें पथ्य, तेंच या बंबासहि आहे: लांकूड कोरडें असावें, जाळ लहान पण तेज असावा, आणि सरपणाखेरीज दुसरें कांहीं जाळूं नये.

भट्टी असो कीं बंब, त्याची परीक्षा अगदीं सोपी आहे. निवांत संध्याकाळीं आग चांगली पेटल्यावर कुंपणापलीकडे जाऊन, शेजाऱ्याच्या दारांतून, आपल्या धुरांड्याकडे पाहावें. तेथें धुराचा वास येत नसेल तर आपला अग्नि नीट चालला आहे. येत असेल तर शेजाऱ्यानें तक्रार करण्याची वाट पाहूं नये. पुष्कळ सज्जन शेजारी बोलत नाहींत. ते मुकाट्यानें खिडकी लावून घेतात.