चित्रीकरणापूर्वीचे चित्र : विज्ञानपटांच्या आखणीत स्टोरीबोर्डचे स्थान

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित झाला. त्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी एक छोटासा चित्रपट तयार केला होता. त्याचा विषय पौराणिक नव्हता. वाटाण्याचे रोप कसे वाढते, एवढेच त्यात दाखविले होते. चलच्चित्राची ही विद्या आपल्याला साध्य झाली आहे, अशी भांडवल पुरविणाऱ्याची खात्री पटविणे हा त्यामागील हेतू होता. बीजाला अंकुर फुटून त्याचे रोप होईपर्यंतचे दिवस पडद्यावर काही क्षणांत सरकावयाचे, तर कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून ठराविक अंतराने एकेक चित्र घ्यावे लागते. अशा चित्रीकरणात मध्येच विचार बदलण्याची सोय नसते. किती दिवसांची वाढ किती सेकंदांत दाखवावयाची, कॅमेरा किती दूर ठेवावयाचा, वाढता वाढता रोप चौकटीबाहेर तर जाणार नाही ना, या प्रश्नांची उत्तरे पहिले चित्र घेण्यापूर्वीच ठरवावी लागतात. चूक ध्यानात येईपर्यंत रोप मोठे झालेले असते आणि सर्व काम नव्या बीजापासून आरंभावे लागते.

वाटाण्याच्या रोपाबाबत जे उघड दिसते, ते विज्ञान समजावून देणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला कमीअधिक प्रमाणात लागू आहे. आज शाळा, महाविद्यालये, कृषिसंस्था व आरोग्यकेंद्रे यांच्यासाठी असे लहान चित्रपट, म्हणजेच रूढ भाषेत व्हिडिओ, मोठ्या संख्येने तयार होत आहेत. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. त्यामुळे आधी चित्रीकरण करावे व मग जुळवाजुळव करताना अर्थ लावावा, अशी प्रवृत्ती वाढली आहे. ही प्रवृत्ती घातक आहे, आणि तिच्यावरील उपाय जुना, स्वस्त व सहज उपलब्ध आहे. चित्रपट-व्यवसायात त्यास स्टोरीबोर्ड असे म्हणतात.

स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रपटाचा चित्ररूप आराखडा. पडद्यावर जे क्रमाने दिसावयाचे आहे, ते लहान लहान चौकटींत रेखाटले जाते. प्रत्येक चौकटीखाली निवेदन, पात्रांची हालचाल, ध्वनी आणि तो शॉट किती सेकंद टिकावयाचा, याची नोंद असते. या पद्धतीला निश्चित रूप आले ते १९३० नंतरच्या काही वर्षांत, अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत. तेथे रेखाटने मोठ्या फलकावर टाचण्यांनी लावीत. त्यामुळे सर्व कथा एका दृष्टिक्षेपात दिसे आणि नको असलेले चित्र काढून टाकणे सोपे जाई. पुढे 'गॉन विथ द विंड' (१९३९) या चित्रपटासाठी विल्यम कॅमेरॉन मेन्झीस यांनी याच प्रकारे दृश्यांची आखणी केली. भारतातील सर्वश्रुत उदाहरण सत्यजित राय यांचे होय. 'पथेर पांचाली' (१९५५) या चित्रपटासाठी त्यांनी रीतसर संपूर्ण पटकथा लिहिली नव्हती. जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून काम करणाऱ्या राय यांनी काळ्या शाईने रेखाटलेल्या दृश्यांची एक वही तयार केली आणि ती घेऊन ते निर्मात्यांकडे गेले. ती वही पुढे पॅरिस येथील चित्रपट-संग्रहालयास देण्यात आली.

फलक, टाचण्या व वही यांचे काम आता संगणकाने उचलले आहे. वंडर युनिट या संस्थेचा 'स्टोरीबोर्डर' हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. 'क्रिटा' या विनामूल्य चित्रकला-प्रोग्राममध्ये २०२१ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीपासून स्टोरीबोर्डाची स्वतंत्र सोय आहे. 'ब्लेंडर' या प्रोग्रामात त्रिमितीय अवकाशात रेघा ओढता येतात. व्यावसायिक चित्रशाळांत 'टून बूम' कंपनीचा 'स्टोरीबोर्ड प्रो' हा विकत घ्यावयाचा प्रोग्राम प्रचलित आहे. या साधनांमुळे चौकटींचा क्रम क्षणात बदलता येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक चौकटीला कालावधी देऊन सर्व रेखाटने एकामागून एक पडद्यावर चालविता येतात आणि त्यांच्यासोबत निवेदनही ऐकता येते. अशा कच्च्या चलच्चित्रास अॅनिमॅटिक म्हणतात. फलकावर टाचलेल्या चित्रांतून चित्रपटाचा क्रम कळत असे, परंतु त्याचा वेळ कळत नसे. संगणकाने घातलेली खरी भर ती हीच.

या साधनांचे मोल कशावरून ठरवावे? त्यांनी काढलेली चित्रे किती सुबक दिसतात, यावरून ते ठरविणे योग्य नव्हे. चूक किती लवकर व किती स्वस्तात उघडकीस येते, हीच स्टोरीबोर्डाची खरी कसोटी होय. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

शाळेतील मुलांसाठी चंद्रकलांवर पाच मिनिटांचा व्हिडिओ करावयाचा आहे, असे समजा. लेखी संहितेत असे वाक्य असेल : 'चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्याने त्याचा प्रकाशित भाग आपल्याला कमीअधिक दिसतो.' वाक्य निर्दोष आहे. परंतु तेच चौकटीत रेखाटावयास घेतले की पहिली अडचण उभी राहते : पाहणारा कोठे उभा आहे? एका चौकटीत सूर्य, पृथ्वी व चंद्राची कक्षा वरून पाहिल्याप्रमाणे दाखविली जाते, आणि पुढच्याच चौकटीत आकाशात चंद्रकोर दिसते. या दोहोंमध्ये प्रेक्षकाला अंतराळातून उचलून जमिनीवर आणून ठेवले आहे, आणि तेही त्याला न सांगता. पृथ्वीच्या गोलावर उभे राहून चंद्राकडे पाहणाऱ्या मुलाची एक चौकट मध्ये घातल्यावाचून हा दुवा सांधला जात नाही. संहिता वाचताना ही उणीव कोणाच्याच लक्षात आली नसती.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. पृथ्वी व चंद्र यांमधील सरासरी अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे तीसपट आहे. १,९२० बिंदूंच्या रुंदीच्या पडद्यावर हे अंतर प्रमाणात बसवावयाचे, तर पृथ्वीच्या वाट्याला सुमारे ६० आणि चंद्राच्या वाट्याला सुमारे १६ बिंदू येतात. एवढ्या लहान ठिपक्यांवर काहीच दाखविता येत नाही, म्हणून रेखाटणारा दोन्ही गोल मोठे करतो आणि जवळजवळ ठेवतो. असे चित्र पाहिले की पृथ्वीची सावली चंद्रावर पडल्यामुळे कला दिसतात, हा अनेक विद्यार्थ्यांच्या मनात आधीच असलेला गैरसमज पक्का होतो. वस्तुतः पृथ्वीची सावली चंद्रावर केवळ चंद्रग्रहणाच्या वेळीच पडते. शिवाय सपाट चित्रात पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी व चंद्र एका रेषेत येतात. तेव्हा प्रत्येक पौर्णिमेस ग्रहण का होत नाही, हा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारणारच. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, हे दाखविणारी बाजूने पाहिलेली एक चौकट आवश्यक ठरते. खऱ्या प्रमाणातील एक चौकटही, ठिपके कितीही लहान दिसोत, एकदा तरी आली पाहिजे. या तिन्ही दुरुस्त्या स्टोरीबोर्डावर अर्ध्या तासात होतात. त्याच दुरुस्त्या तयार चलच्चित्रात करावयाच्या म्हटल्यास खर्च व वेळ इतका लागतो की, बहुधा त्या केल्याच जात नाहीत.

वेळेच्या बाबतीतही असाच अनुभव येतो. निवेदक सेकंदाला दोन शब्द बोलतो असे धरले, तर साठ शब्दांच्या स्पष्टीकरणास तीस सेकंद लागतात. चौकटीसाठी मात्र आठ सेकंद योजलेले असतात. कागदावर ही विसंगती दिसत नाही. अॅनिमॅटिक एकदा चालवून पाहिले की ती तत्काळ जाणवते. मग निर्मात्याला दोनच मार्ग उरतात : शब्द कमी करावेत किंवा चौकटी वाढवाव्यात. निवेदकाला घाईने बोलावयास लावणे हा मार्ग नव्हे. परंतु आखणीवाचून केलेल्या अनेक शैक्षणिक व्हिडिओंत नेमका तोच पत्करलेला दिसतो.

येथवर साधनांची उपयुक्तता सांगितली. आता त्यांपासून उद्भवणाऱ्या धोक्याचा विचार केला पाहिजे. अलीकडील प्रोग्रामांत तयार आकृत्या, तयार पार्श्वभूमी व तयार पात्रे यांचा संग्रह दिलेला असतो. त्यातच, चार शब्द लिहिताच पूर्ण रंगविलेले चित्र निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता हाती आली आहेत. त्यांच्या साहाय्याने तासाभरात देखणा स्टोरीबोर्ड उभा राहतो. पण अशा चित्रात चंद्राची उजळलेली बाजू सूर्याकडेच आहे ना, हे कोण तपासणार? रेखाटणाऱ्याच्या हाताने ती बाजू स्वतः ठरवावी लागते, आणि ठरविताना विचारही करावा लागतो. तयार चित्र हा विचार टाळण्याची मुभा देते. याहून सूक्ष्म हानी पाहणाऱ्याच्या मनावर होते. चार वेड्यावाकड्या रेघांचे चित्र समोर आले की शिक्षक, शास्त्रज्ञ किंवा विद्यार्थी निःसंकोचपणे म्हणतात, 'येथे चुकले आहे.' सुबक, रंगीत चित्र समोर आले की तेच लोक रंगसंगतीविषयी बोलतात आणि मूळ कल्पनेस हात लावण्यास कचरतात. काम पूर्ण झाले, असा आभास त्यातून निर्माण होतो. स्टोरीबोर्ड खोडण्यासाठी असतो. जो खोडावयास जीव धजत नाही, त्याने आपले प्रयोजनच गमावले.

म्हणून स्टोरीबोर्ड कच्चा असावा आणि तो कच्चा असतानाच योग्य माणसांनी पाहावा, हे तत्त्व संस्थांनी स्वीकारणे अगत्याचे आहे. भारताला या प्रश्नाची जाणीव नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या नावाने प्रसिद्ध झालेला उपग्रह-दूरदर्शनाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शिक्षण, शेती व आरोग्य या विषयांचे कार्यक्रम पोचविण्यात आले. कार्यक्रम करणारे शहरात आणि पाहणारे दूरच्या खेड्यात, असे हे नाते होते. एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम परत घेता येत नसे. आज उपग्रहाच्या जागी मोबाइल फोन आला, तरी नाते तेच राहिले आहे. किंबहुना, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला व्हिडिओ परत बोलाविणे पूर्वीपेक्षाही अवघड झाले आहे. अशुद्ध वाक्य पुढील आवृत्तीत सुधारता येते. मुलाने एकदा पाहिलेले अशुद्ध चित्र त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पक्ष्याचे घरटे, सूर्यग्रहण किंवा नदीचा पूर यांची आखणी आधी कशी करावी, असे विचारले जाते. हा आक्षेप अंशतः बरोबर आहे. निसर्ग स्टोरीबोर्डाप्रमाणे वागत नाही, आणि त्याला तसे वागावयास लावणे म्हणजे निरीक्षणाशी प्रतारणा होय. तेथे आखणी करावयाची ती घटनेची नव्हे, तर प्रेक्षकाला पडणाऱ्या प्रश्नांची आणि त्यांच्या क्रमाची. दुसरा आक्षेप असा की, सामान्य शिक्षकाला चित्रे काढता येत नाहीत. परंतु वर्तुळ, बाण आणि काडीचा माणूस एवढे ज्याला फळ्यावर काढता येते, त्याला स्टोरीबोर्डही काढता येतो. तिसरा आक्षेप वेळेचा. चाळीस चौकटींचा कच्चा स्टोरीबोर्ड करण्यास एखादा दिवस लागेल, हे खरे. पण फुकट गेलेल्या चित्रीकरणाचा हिशेब मांडल्यास हा दिवस महाग वाटणार नाही.

विज्ञानविषयक व्हिडिओंसाठी ज्या सार्वजनिक संस्था पैसा पुरवितात, त्यांनी एक साधा नियम करावा. पहिल्या हप्त्यातून केवळ संहिता व कच्चे अॅनिमॅटिक तयार व्हावे. ते एका विषयतज्ज्ञाने तपासावे, आणि ज्यांच्यासाठी व्हिडिओ करावयाचा आहे अशा दहापंधरा मुलांना, शेतकऱ्यांना किंवा मातांना दाखवून त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावावे. त्यांच्या उत्तरांनुसार चौकटी बदलल्यावरच चित्रीकरणाचा हप्ता द्यावा. स्टोरीबोर्ड कोणत्या प्रोग्रामात केला, की पाटीवर खडूने काढून फोनने टिपला, याची चौकशी करण्याचे कारण नाही. चूक कोणाच्या लक्षात आली, केव्हा आली आणि ती सुधारली काय, एवढेच विचारले जावे.

वाटाण्याच्या रोपासाठी चुकल्यास पुन्हा बी पेरण्याची सोय तरी असते. वर्गात बसलेल्या मुलाचा विषयाशी होणारा पहिला परिचय मात्र एकदाच होतो. तो परिचय शुद्ध व्हावा, यासाठी कॅमेरा उघडण्यापूर्वी एक दिवस पेन्सिलीला देणे हे कोणत्याही विज्ञान-प्रसारकाचे किमान कर्तव्य ठरते.