बांधापाशी थांबलेला कायदा

७ जूनला मृग लागतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यात तापीकाठी शहापूर, बहादरपूर, इच्छापूरच्या शिवारात या दिवसांत मृगबागेची, म्हणजे मृगात लावायच्या केळीची, घाई असते. शेणखत पडलेले असते, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात आणि टेम्पोतून टिश्यूकल्चरच्या रोपांचे क्रेट उतरत असतात. पाऊस लांबला तर डोळे आभाळाकडे, रोपे आली नाहीत तर रस्त्याकडे. ७ जून हाच जागतिक अन्नसुरक्षा दिनही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो २०१८च्या डिसेंबरात ठरवला आणि २०१९पासून तो पाळला जातो. त्या दिवशी बोलणे होते ते ताटातल्या अन्नाबद्दल: भेसळ, नमुने, तपासणी, दंड. शेतात रोप लावणाऱ्याला या दिवसाशी आपला काही संबंध आहे असे वाटत नाही आणि अन्न तपासणाऱ्याला त्या रोपाशी आपला संबंध आहे असे वाटत नाही. आमच्या मते अन्नावरच्या सरकारी देखरेखीचे मूळ दुखणे इथेच आहे.

या दुराव्याला कायद्याचाही आधार आहे. २००६चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११पासून देशभर लागू झाला. त्याच्या कलम १८मध्ये स्पष्ट म्हटले आहे की शेतकरी, मच्छीमार, उभी पिके, जनावरे आणि शेतीसाठी लागणारा माल यांना हा कायदा लागू नाही. ही सूट योग्यच आहे. दोन एकर केळी लावणाऱ्याला परवान्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवायला लावणारा कायदा आम्हाला नको. पण कायदा बांधापाशी थांबला म्हणून अन्न बांधापासून सुरू होत नाही. बांधाच्या आत कुणी उभे राहायचे? कागदावर याचे उत्तर आहे. १९६६चा बियाणे कायदा, १९६८चा कीटकनाशक कायदा, जनावरांच्या साथरोगांचा २००९चा कायदा, २०१६चे प्लास्टिक कचरा नियम. प्रत्येकाचे खाते वेगळे, दप्तर वेगळे. एका खात्याची नजर जिथे संपते, तिथून दुसऱ्याची सुरू होतेच असे नाही.

केळीचेच घ्या. या जिल्ह्याची ओळखच केळी आहे. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बऱ्हाणपूरने केळीच निवडली. त्या केळीला गेल्या काही वर्षांत ज्याने रडवले, त्याला शेतकरी हरण्या म्हणतात आणि शास्त्रज्ञ कुकुंबर मोझॅक विषाणू. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पाने आकसतात, पोंगा सडतो. औषध नाही. झाड मुळासकट उपटायचे, जाळायचे किंवा पुरायचे, एवढाच इलाज. मावा ही कीड विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. काकडी, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे तण त्याला आसरा देतात. आणि तो रोपांतूनही येऊ शकतो. म्हणून तर जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतीसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. मातृझाड विषाणूमुक्त आहे का, रोपांची तुकडी तपासली का, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने सांगायचे आणि तसे लेबल लावायचे. व्यवस्था चांगली आहे. पण टेम्पो शेताच्या कडेला थांबतो तेव्हा क्रेट मोजले जातात, मेलेली रोपे बाजूला काढली जातात, पैसे दिले जातात. प्रमाणपत्र मागायची सवय अजून रुजलेली नाही आणि ते मागायला शेतकऱ्याच्या शेजारी सरकारचा कुणी माणूस उभा नसतो. दीड-दोन महिन्यांनी पट्टे दिसतात तेव्हा रोपवाटिका हवामानाकडे बोट दाखवते आणि कृषी खाते पंचनाम्याचा कागद पुढे करते.

या रोगाला सीमा कळत नाही. बऱ्हाणपूर आणि रावेर हे खरे तर एकच केळीचे शिवार आहे; मधे राज्याची रेघ आहे, इतकेच. बऱ्हाणपूरच्या लिलावात आज नवती केळीला काय भाव निघाला हे रावेर-सावद्याचा शेतकरी रोज विचारतो आणि त्याला ते काही मिनिटांत कळते. भावाची बातमी ज्या वेगाने रेघ ओलांडते, त्या वेगाने रोगाची बातमी ओलांडत नाही, कारण ती कळवण्याचे काम कुणाच्याच नावावर नाही. घटनाकारांनी मात्र याचा विचार केला होता. शेती आणि पशुपालन त्यांनी राज्यांच्या सूचीत ठेवले. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माणसांचे, जनावरांचे, वनस्पतींचे रोग आणि किडी पसरू नयेत याची तजवीज समवर्ती सूचीत, २९व्या क्रमांकावर केली. त्याहून जुना १९१४चा कीड-प्रतिबंध कायदा आहे. त्याच्याखाली केळीच्या मोझॅक रोगासाठी महाराष्ट्र आणि गुजरातमधून केळीचे कंद इतर राज्यांत नेण्यावर बंदी घातली गेली होती. म्हणजे केळीचा रोग राज्याची हद्द ओलांडतो हे सरकारला फार पूर्वीच कळले होते. कंद गेले, टिश्यूची रोपे आली. जुन्या बंदीच्या जागी तितकीच जागी नजर आली नाही.

जनावरांच्या बाबतीत हीच गोष्ट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांच्या लम्पी रोगाचा पहिला रुग्ण सापडला तो रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात, ४ ऑगस्टला. बऱ्हाणपूर तिथून हाकेच्या अंतरावर. त्या वर्षी पोळ्याला बैल गोठ्यातच राहिले, गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचली गेली. महाराष्ट्राने दगावलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये मदत दिली. प्रशासन तेव्हा खरोखर धावले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण ते साथ आल्यावर धावले. गुरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. त्यावरून जनावर कुठून निघाले, कोणत्या बाजारातून गेले, लस कधी झाली हे कळायला हवे. बिल्ला कानात आहे, पण व्यवहाराच्या वेळी तो वाचायची पद्धत पडलेली नाही.

देखरेख कशी असावी हे शिकायला या गावाला परदेशी जाण्याची गरज नाही. बऱ्हाणपूरच्या जमिनीखाली कुंडी भंडारा आहे. चारशे वर्षांपूर्वी, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी बोगद्यातून शहरात आणले गेले. त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने कुंड्या आहेत, सुमारे शंभर. प्रत्येक कुंडीतून हवा आत जाते, पाणी काढता येते, माणूस उतरून गाळ उपसू शकतो. पाणी कुठे अडले, कुठे गढूळ झाले, हे शहराच्या हौदापर्यंत थांबून पाहावे लागत नाही, वाटेतच कळते. आपल्या अन्नाच्या वाटेवर अशा कुंड्या नाहीत. आपण शेवटच्या हौदापाशी बसलो आहोत आणि पाणी गढूळ आले की छापा घालतो.

मध्य प्रदेशाने छापे मनापासून घातले. २०१९च्या जुलैत कृत्रिम दुधाचे धंदे उघडकीस आल्यावर ‘शुद्ध के लिए युद्ध’ सुरू झाले. सरकार बदलल्यावर २०२०च्या नोव्हेंबरात ‘मिलावट से मुक्ति’ आली. नावे बदलली तरी दोन्ही मोहिमांनी विक्रेत्यांत धाक निर्माण केला आणि तो हवाच होता. या गावची मावा जिलेबी खाणाऱ्याला मावा खरा आहे हे कळण्याचा हक्क आहे. पण दुधाबद्दलची एक आकडेवारी फारशी कुणी मनावर घेतली नाही. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक अशी भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले ५.७ टक्के नमुन्यांत. ते विष गवळ्याच्या कॅनमध्ये तयार होत नाही. दमट कोठीत बुरसलेली ढेप किंवा मका जनावराच्या दावणीत पडतो आणि दुधातून ते आपल्या मुलांच्या पेल्यात उतरते. म्हणजे आपण भेसळ शोधायला गेलो आणि मोठा धोका सापडला तो दावणीत, जिथे अन्न निरीक्षकाला अधिकार नाही आणि पशुवैद्याला ढेप तपासायला सांगितलेले नाही.

तपासणीच्या वेळेचाही प्रश्न आहे. नमुन्याचे चार भाग करायचे आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा, असे कायदा म्हणतो. मावा चौदा दिवस टिकत नाही. अहवाल येतो तेव्हा ज्याच्याबद्दल तो आहे ते कधीच खाल्ले गेलेले असते. शिक्षेसाठी तो उपयोगी, खाणाऱ्यासाठी नाही. फिरत्या प्रयोगशाळा म्हणूनच मोलाच्या आहेत. पण त्यांची गाडी सणासुदीपुरती नको, आठवडी बाजाराच्या वाराला ठरलेल्या जागी उभी हवी. २०२५मध्ये तमिळनाडूत तयार झालेले, छिंदवाडा जिल्ह्यात मुलांना पाजलेले खोकल्याचे विषारी औषध आणि नागपूरच्या दवाखान्यांत उपचाराला आलेली ती लेकरे आठवतात. ते औषध होते, अन्न नव्हे. पण वाटेत तीन राज्ये होती आणि वेळेवर कुणी पाहिले नाही.

केळी पिकवण्याबद्दल थोडक्यात. कॅल्शियम कार्बाइडवर देशात बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरता येतो. बऱ्हाणपूरचा माल कच्चाच ट्रकांत भरून उत्तरेकडे जातो आणि पिकतो तिकडच्या कोठ्यांत. तिथे कुणी कार्बाइड वापरले तर बदनामी केळीची होते, म्हणजे आपली.

आता कागदाबद्दल, आणि हे आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी आधी बोलायला हवे. १९५६मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला नेपानगरचा कारखाना, देशातला पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना, याच जिल्ह्यात आहे. पॅकिंगबद्दलच्या २०१८च्या नियमांनी, जे १ जुलै २०१९पासून लागू आहेत, वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली आहे. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. तरीही भजी, पोहे, जिलेबी आजही त्याच कागदात मिळतात. वाचकांना आमची विनंती आहे: हा अंक वाचून झाल्यावर रद्दीत जाऊ द्या, खाण्याच्या गाडीवर जाऊ देऊ नका.

बाजारातल्या पिशव्यांकडे सगळ्यांचे लक्ष आहे. १ जुलै २०२२पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली, त्याच वर्षाच्या अखेरीस पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन झाली. शेतातल्या प्लास्टिककडे मात्र कुणी पाहत नाही. घडांवर चढवलेल्या स्कर्टिंग बॅगा, मल्चिंग पेपर, फाटलेल्या ठिबक नळ्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या. नळ्या भंगारात जातात, कारण त्यांना भाव आहे. उरलेले बांधावर पेटते किंवा नाल्यातून तापीत जाते. २०१६च्या नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी पहिल्यांदा ग्रामपंचायतीवरही टाकली, आणि फेब्रुवारी २०२२पासून पॅकिंगचे प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांसाठी सविस्तर नियमबद्ध झाली. मग कीटकनाशकाची बाटली परत घ्यायला खेड्यात कुणी का येत नाही? ही किरकोळ बाब नाही. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले; ते तेल कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवले गेले असावे, असा तपासाचा रोख होता. कीटकनाशक कृषी खात्याचे, डबा कचऱ्याचा, तेल अन्नाचे, शाळा शिक्षण खात्याची. रिकामा डबा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचण्याआधी त्याला अडवणारा एकही माणूस त्या वाटेवर नव्हता.

आम्ही नवा कायदा मागत नाही. या मृगबागेपुरती चार कामे मागतो. रोपांचे टेम्पो उतरतात त्या आठवड्यांत कृषी विस्तार अधिकाऱ्याने शेतावर जाऊन प्रमाणपत्र पाहावे आणि प्रमाणपत्र नसलेल्या तुकडीची नोंद गावाच्या फलकावर लावावी. बऱ्हाणपूर आणि जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळाभर दर आठवड्याला हरण्या, लम्पी आणि इतर साथींची माहिती एकमेकांना लेखी कळवावी. समवर्ती सूचीतल्या २९व्या क्रमांकाचा अर्थ एवढाच आहे. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतात, तिथेच महिन्यातून एकदा ढेपेचा नमुना घ्यावा. आणि औषध विकणाऱ्या दुकानानेच तीनदा विसळलेली रिकामी बाटली परत घ्यावी, काही रुपये देऊन. भाव मिळाला की वस्तू बांधावर राहत नाही, हे ठिबकच्या नळीने दाखवले आहे.

आज शहापूरच्या शिवारात उतरलेले रोप पुढच्या मृगाच्या आसपास घड देईल. तो घड ट्रकात चढेल, कुठल्या तरी दूरच्या कोठीत पिकेल आणि त्यातले एक केळे एखाद्या आईच्या हातून तिच्या लेकराच्या तोंडी जाईल. तोवर आपल्या हाती बारा महिने आहेत.