गाळ कोणाचा?

गेल्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाची सहल नांदूर मधमेश्वरला गेली होती. चापडगावच्या मनोऱ्यावरून दिवसभर पक्षी पाहून परतताना सगळ्यांची मने भरून आली होती. बसमध्ये गाणी चालली होती. मध्येच कोणीतरी वर्तमानपत्रातल्या बातमीचा विषय काढला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची गावे जलाशयातला गाळ काढा म्हणून मागणी करीत आहेत, अशी ती बातमी. त्यावर आमचा एक मित्र तावातावाने म्हणाला, "या लोकांना पक्ष्यांचे काही सोयरसुतकच नाही!" बहुतेकांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. 'या लोकांत' माझी आजी आहे, हे त्याच वेळी सांगायला हवे होते. ते राहून गेले, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम त्या जागेविषयी. नाशिकहून खाली वाहत आलेली गोदावरी आणि उत्तरेकडून येणारी कादवा यांचा संगम निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला होतो. तेथे इंग्रजी अमदानीत, १९०७ ते १९१३ या काळात, दगडी बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता. पाणी अडवावे, उजव्या-डाव्या कालव्यांत सोडावे, आणि खालच्या अवर्षणग्रस्त मुलखाची तहान भागवावी. पक्ष्यांचा विचार त्या साहेबांच्या नकाशात कोठेही नसणार! पण नदी अडली की तिचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की ती अंगावरची माती खाली टाकते. वर्षानुवर्षे ही माती साचत गेली. जलाशय उथळ झाला, त्यात बेटे वर आली, बेटांवर पाणगवत माजले, काठाला बाभळी वाढल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबी हा निव्वळ तोटा. जितका गाळ, तितकी पाण्याला जागा कमी. पण खात्याचा हा तोटा पक्ष्यांच्या खाती जमा झाला.

याचे कारण आम्हाला त्या दिवशी आमच्या वाटाड्याने फार छान समजावून दिले. (तो तेथल्याच गावचा तरुण. पुस्तकी पदवी नाही, पण शंभर पावलांवरून नुसत्या उडण्यावरून पक्षी ओळखतो.) तलवार बदक पाण्यात बुडी मारत नाही, शेपटी वर करून मान खाली घालते, आणि मान पोचेल तेवढ्याच खोलीवरचे खाते. थापट्या आपल्या पसरट चोचीने वरवरचे पाणी गाळून घेतो. शेकाट्या त्या लांब लाल काड्यांवर उभा राहून चिखल टोचतो. चमचा आणि चित्रबलाक यांनाही गुडघाभर पाणीच लागते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब रात्री बेटांवर निर्धास्त बसतात, कारण चहूबाजूंनी पाणी. म्हणजे येथला सारा संसार उथळपणावर उभा आहे. आपल्याकडे 'उथळ' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, ते निदान येथे तरी चुकीचे ठरेल.

म्हणून तर १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झाले. इराणमधील रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातून सर्वात आधी नाव लागले ते याच जागेचे. जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झाले. लोक या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. उपमा एका परीने अगदी बरोबर आहे, कारण खुद्द भरतपूरही माणसांनी बांध घालून धरलेल्या पाण्यावरच उभे आहे.

आता आजीची गोष्ट. माझे आजोळ सायखेड्याच्या बाजूचे, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगापूर, दारणा ही धरणे भरली, पाणी सोडले गेले, आणि चांदोरी-सायखेड्याच्या वस्तीत गोदावरी शिरली. तीनच वर्षांपूर्वी, २०१६ च्या ऑगस्टात, ती अशीच येऊन गेली होती. मी तेव्हा आठवीत होतो. सुट्टी म्हणून आजीकडे गेलेलो. पहाटे मामांनी उठवले तेव्हा ओसरीची पायरी पाण्याखाली होती. मामांनी आधी जनावरांची दावी कापली, मग आजीला पाठुंगळी घेतले. आजी एकच घोष करीत होती, "अरे, चाळीतला कांदा बघा!" उन्हाळ कांदा भाव येईल म्हणून राखलेला. तीन दिवसांनी पाणी उतरले तेव्हा चाळीतून जो वास आला, तो आजही माझ्या नाकातून जात नाही. घरात घोटाभर गाळ होता. तोच हा गाळ, मित्रांनो, ज्याच्यावर तलवार बदके चरतात.

मग आजीने गाळ काढा म्हटले, तर तिला पक्ष्यांची वैरीण ठरवायचे काय? तिच्या परसात बगळे बसतात, त्यांना ती कधी हाकलत नाही. तिला पाणी ओसरायला वाट हवी आहे, एवढेच. बंधाऱ्यापाशी पाणी तुंबते आणि त्याची फूग मागे येते, हे सांगायला तिला अभियंता व्हावे लागत नाही.

परंतु सगळा दोष बंधाऱ्याच्या आणि गाळाच्या माथी मारणे हेही मला मान्य नाही. पाणवेलींचेच पाहा. पुरात त्यांचे गाठोडे वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकते आणि पाणी आणखी चढते. या पाणवेली पोसतो कोण? नाशिक शहर. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी शहराला भरभराट दिली, लाखो हातांना काम दिले. माझे वडीलही तेथल्याच एका कारखान्यात आहेत, तेव्हा मी कारखान्यांच्या नावाने बोटे मोडणार नाही. पण वस्ती वाढली त्या मानाने सांडपाण्याची सोय वाढली नाही. नासर्डी (तिचे आता नंदिनी असे नामकरण केले आहे, नाव बदलून पाणी बदलले असते तर!) हे सारे पोटात घेऊन टाकळीला गोदावरीत ओतते. ज्या टाकळीच्या संगमावर समर्थांनी पाण्यात उभे राहून बारा वर्षे जप केला असे सांगतात, तेथे आज पाण्यात पाय घालायला कोणी धजणार नाही. सांडपाणी हे पाणवेलींचे खत. शिवाय २००८ च्या महापुरानंतर शहरात निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, ती नदीला मोकळी जागा राहावी म्हणून. पण ती आखल्या दिवसापासून शहरात चर्चा चालते ती बांधकामासाठी ती सैल कशी होईल याची. वर नदीचा पसरायचा हक्क काढून घेतला, तर ती खाली आमच्या ओसरीवर येणारच.

तेव्हा माझे म्हणणे असे. गाळ काढावा, पण सरसकट काढू नये. चांदोरी-सायखेड्यापासून खाली नदीचा मूळ प्रवाह जेथे गाळाने चोंदला आहे, तेथे तो मोकळा करावा. बंधाऱ्याचे दरवाजे पुराचे पाणी वेळेवर सोडू शकतील असे करावेत. चापडगाव-मांजरगावच्या बाजूची बेटे आणि उथळ दलदल यांना मात्र यंत्राचा पंजा लागू देऊ नये. ती एकदा खोल झाली की तेथे पाणकावळे तेवढे राहतील, बाकीचे पाहुणे वरच्यावर निघून जातील. काढलेला गाळ शेतात टाकण्याची सरकारी योजना २०१७ पासून आहेच. फक्त हा गाळ औद्योगिक शहराच्या खालचा आहे, म्हणून द्राक्षबागेत टाकण्याआधी त्यात काय काय उतरले आहे हे तपासून घ्यावे. आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना याहून चांगला प्रकल्प कोठे मिळणार? आणि या सगळ्याच्या खर्चाचा मोठा वाटा शहराने उचलावा. हे शेवटचे वाक्य नाशिककरांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. मी स्वतः नाशिककरच आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी; घनफूट आणि क्युसेक यांत माझी गती बेताचीच. यात चूक असेल तर जाणकारांनी जरूर दाखवावी. पण पक्षी विरुद्ध माणसे असा जो सामना आमच्या बसमध्ये एका वाक्यात निकालात निघाला, तो मला खोटा वाटतो. दोघांनाही नदी हवी आहे आणि दोघेही शहराच्या खालच्या अंगाला राहतात.

त्या सहलीनंतर पंधरा दिवसांनी मी आजीला मनोऱ्यावर घेऊन गेलो. पायऱ्या चढताना तीनदा थांबली. दुर्बीण तिला काही केल्या जमेना, शेवटी नुसत्या डोळ्यांनीच पाहू लागली. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी थव्याने पोहत होते. त्यांना वारकरी म्हणतात असे सांगितल्यावर तिने चटकन हात जोडले. मग बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता कसं गरिबावाणी दिसतंय."

निसर्ग मंडळाच्या पुढच्या सहलीत चांदोरी चौफुलीवरून बस थोडी वाट वाकडी करून सायखेड्याच्या पुलावर नेता येईल का, अशी विनंती मी आमच्या सरांना केली आहे. पुलाच्या कठड्यापाशी दहा मिनिटे उभे राहायचे, काठच्या भिंतींवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते का ते पाहायचे, आणि मग चापडगावला जायचे. सरांनी होकार दिला आहे. चहा आजीकडे.